काडी वर की खाली

जागतिक सिनेमाच्या इतिहासाचे सरळ दोन भाग पडतात. 'मिठाचा हिवाळा'मधल्या त्या चार मिनिटं सतरा सेकंदांच्या शॉटच्या आधीचा एक, आणि नंतरचा एक. हे वाक्य एका फ्रेंच समीक्षकाचं आहे. त्यानं पुढे असंही लिहिलंय, की शॉट नेमका सतराव्या सेकंदाला संपवण्यात दिग्दर्शक प्यो इन-ग्यू यांची जी प्रतिभा दिसते, ती शतकात एखाद्यालाच लाभते.

सतराव्या सेकंदाला कॅमेऱ्यातलं रीळ संपलं होतं.

नाम केसूकला हे पक्कं ठाऊक होतं, कारण 'रीळ संपले' अशी नोंद तिनंच त्या दिवशीच्या वहीत केली होती. नोंदी करणं हेच तिचं काम. प्यो साहेबांच्या अकराच्या अकरा चित्रपटांत ती कॅमेऱ्याशेजारी स्टॉपवॉच घेऊन बसली आणि नटाची टोपी कुठल्या हातात होती, वाटीत सूप किती उरलं होतं, आधी कुत्रा भुंकला की आधी दार वाजलं, हे सगळं लिहीत राहिली. एवढं सगळं लिहिणाऱ्या बाईला साहेब 'नोंद' म्हणत. "ए नोंद, मघाशी दार उघडं होतं का?" "नोंद कुठाय? नोंदीला सूप वाढा आधी." लाइटवाल्याच्या मुलीच्या परीक्षेची तारीख साहेबांना पाठ. जेवणाची गाडी चालवणाऱ्याच्या सासूला मूतखडा झाला, तो डाव्या बाजूला की उजव्या, हेही पाठ. केसूकचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

एकदा सोडून. आणि ते एकदासुद्धा नक्की नव्हतं.

घडलं ते असं. १९९३ सालचा डिसेंबर, गांगवोनच्या डोंगरातलं एक खेडं, उणे अकरा तापमान. शॉट साधा. नुकतीच बायको गेलेला म्हातारा अंगणात किमचीच्या लोणच्यासाठी कोबीला मीठ लावायला बसतो. दरवर्षी हे काम बायको करायची. तो एक कोबी उचलतो, दाराकडे बघतो, कट. वीस सेकंदांचं काम. म्हाताऱ्याच्या भूमिकेत क्वाक आजोबा होते, वय वर्षं एकाहत्तर. साहेब तेव्हा पंचेचाळीसचे. आता आपल्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठ्या माणसाला बसल्या बसल्या 'कट' म्हणायचं, म्हणजे आईवडिलांनी काही शिकवलं नाही असंच झालं. म्हणून साहेबांची रीत ठरलेली होती: आधी उभं राहायचं, कमरेत वाकायचं, मग 'कट' म्हणायचं. अख्ख्या कारकिर्दीत साहेबांनी ही रीत मोडली नाही.

त्या दिवशी वीस सेकंद झाले. आजोबांनी दाराकडे बघून घेतलं. साहेब उठलेच नाहीत. खुर्च्यांची गाडी घाटात अडकलेली, म्हणून साहेब आणि केसूक मिठाच्या एकाच पोत्यावर दाटीवाटीनं बसले होते. साहेबांच्या अंगात सैनिकी बाजारातून आणलेला घोट्यापर्यंतचा जाडजूड कोट. त्या काळी आवाज मागाहून भरत, त्यामुळे शॉट चालू असताना बोललं तरी बिघडत नसे, आणि कॅमेरा तर गिरणीसारखा घरघरत होता. त्या घरघरीत साहेब हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले.

पलीकडे उभ्या असलेल्या ब्योन या साहाय्यकानं ऐकलं: "केसोक." म्हणजे, चालू ठेवा. त्यानं लगेच हात गोल गोल फिरवून सगळ्यांना खूण केली.

केसूकनं ऐकलं: "केसूक."

तिनं वळून पाहिलं, तर साहेबांची नजर समोर आजोबांवर, आणि डोळ्यांत पाणी. ते पुढे काहीच बोलले नाहीत. तिकडे आजोबांचं कथेतलं काम संपलं होतं, पण कट कुणी म्हणेना. नाटकात मुरलेला माणूस, रिकामा कसा बसणार? त्यांनी दुसरा कोबी उचलला. मग तिसरा. पानापानात मीठ घालत गेले. एक पान तोडून खाल्लं, ते खारट लागलं, शेजारी रिकाम्या जागेकडे वळून "जास्त झालं का गं?" असं पुटपुटले, आणि मिठाचाच हात डोळ्याला लावला. डोळे घळाघळा वाहायला लागले. फ्रेंच समीक्षकानं या अश्रूंवर नऊ पानं लिहिली आहेत. मिठाचा उल्लेख त्यात एकदा येतो, तोही प्रतीक म्हणून.

केसूकनं त्याच वेळी वहीत, 'दिग्दर्शकाची सूचना' या रकान्यात, जे ऐकलं ते लिहिलं. त्यांच्या लिपीत दोन्ही शब्दांत फरक एका काडीचा. आडव्या रेघेवर काडी उभी केली की 'ओ', खाली सोडली की 'ऊ'. तिनं काडी खाली सोडली. संध्याकाळी जेवताना ब्योन जो भेटेल त्याला सांगत होता, "साहेब म्हणाले, केसोक! अंगावर काटा आला राव!" सगळ्यांनी माना डोलावल्या. केसूकनं हळूच वही काढली आणि रेघेच्या वर आणखी एक काडी काढली. शाईतली खालची काडी काही खोडता येईना. तेव्हापासून त्या रकान्यात एक असं अक्षर बसून आहे, जे लिपी घडवताना सेजोंग राजाच्याही मनात आलं नसेल.

*

त्या शॉटला युरोपात मोठं बक्षीस मिळालं. म्हणजे मिळालं चित्रपटाला, पण आधीच्या नव्वद मिनिटांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. प्यो साहेबांचा पहिला चित्रपट सात जणांनी पाहिला होता आणि त्यातले चौघे युनिटमधले होते. आता निर्माते दारात चपला काढून उभे राहायला लागले. "साहेब, शॉट किमान पाच मिनिटांचा हवा हं. पाचच्या खाली परदेशात विचारत नाहीत." साहेबांनी सात मिनिटांचा घेतला. मग अकरा मिनिटांचा, त्यात एक माणूस बसची वाट बघतो. देगूच्या थिएटरात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बस आली की उठवा रे!" आणि बस आली तेव्हा खरोखरच कुणी कुणी कुणाकुणाला उठवलं.

पुढे दहा वर्षं एकही निर्माता फिरकला नाही. साहेब बायकोच्या फुलांच्या दुकानात कुंड्या हलवायचे, आणि इतक्या सावकाश हलवायचे, की गिऱ्हाइकांना वाटायचं इथेही शॉट चाललाय. त्या दहा वर्षांत दर थंडीत केसूकच्या घरी एक कुंडी यायची. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, 'नोंदीस.' चौसष्टाव्या वर्षी साहेबांनी दोन म्हाताऱ्या बहिणींच्या भांडणावर एक भराभर कापलेला, खळखळून हसवणारा चित्रपट काढला. लोकांनी डोक्यावर घेतला. समीक्षकांनी लिहिलं, की हे दिग्दर्शकाचं स्वतःविरुद्धचं बंड आहे. साहेब म्हणाले, बहिणी थांबतच नव्हत्या, मी काय करणार?

ब्योनचंही भलं झालं. तो प्राध्यापक झाला, आणि तीस वर्षं एकच व्याख्यान देत राहिला: 'केसोक: एका शब्दाचा साक्षीदार.' त्यातला कळसाचा मुद्दा असा, "मित्रहो, त्या दिवशी साहेब उभे राहिले नाहीत! ज्या माणसानं जन्मात कधी बसून कट म्हटलं नाही, तो माणूस बसून राहिला. ते बसणं हाच आपल्या सिनेमाचा सर्वांत मोठा निर्णय!" टाळ्या.

*

साहेब शहात्तर वर्षांचे झाले, त्या वर्षी सोलमधल्या एका चित्रपट संग्रहालयानं त्यांचा सत्कार ठरवला. तिथली अधिकारी सॉल दा-इन वह्या न्यायला केसूकच्या घरी आली. केसूकनं वह्या किमचीच्या बंद पडलेल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या.

"बाई, वास येतोय वह्यांना."

"मुरल्यात."

दा-इननं हातमोजे चढवून ते पान उघडलं आणि भिंग लावून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"बाई, हे अक्षर कोणतं?"

"थंडी होती."

"थंडीनं काडी दोन्हीकडे जाते?"

"तू लिहिलंयस कधी उणे अकरात?"

"नाही, पण हेच पान काचेच्या पेटीत लावणार आहोत आम्ही. खाली पाटी लागेल. शनिवारी कार्यक्रमातही पडद्यावर मोठं करून दाखवणार. मला एक काय ते सांगा, ओ की ऊ? ओ असेल तर 'चालू ठेवा'. आणि ऊ असेल तर त्याचा अर्थ काहीच..." बोलता बोलता तिनं वही मिटली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत नाव होतं, नाम केसूक. दा-इननं वर पाहिलं. "अय्या, बाई."

"ओरडू नकोस. आत नवरा कवळ्या घासतोय."

दातांच्या कवळ्या बनवणारा नवरा आतूनच म्हणाला, "ऐकतोय मी. एकतीस वर्षं माझी बायको परपुरुषाच्या एका स्वरावर अडून बसलीय. विचारून टाक म्हणावं एकदा."

"काय विचारू? 'साहेब, तुम्ही माझं नाव घेतलंत का हो?' असं?"

"मग नको विचारू. पण झोपेत काड्या मोजू नकोस."

दा-इन गेली आणि केसूक त्या रिकाम्या फ्रिजसमोर बसून राहिली. पेच सरळ होता. 'ओ' म्हणावं, तर साहेबांचा मोठेपणा शाबूत राहणार. आपण तिथे पोत्यावर ठेवलेलं दुसरं पोतं, एवढंच. 'ऊ' म्हणावं, तर आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण समोर उभा असताना साहेबांना आपलं नाव आठवलं, हे खरं होणार. आणि तो शॉट, ते बक्षीस, ती नऊ पानं, सगळं ब्योनच्या कानातल्या मळामुळे झालं असंही होणार. आणि अकरा चित्रपटांच्या वह्यांत तिची खोटी नोंद एकच होती. ती नेमकी काचेत लागणार होती.

*

गुरुवारी तिनं साहेबांना गाठलं. भर थंडीत गार शेवया खाणारी जी माणसं असतात, त्यांतले ते एक. नेहमीच्या दुकानात, नेहमीच्या कोपऱ्यात.

"ये नोंद, बस. बरं झालं आलीस. मी आत आलो तेव्हा टोपी डोक्यावर होती की हातात?"

"हातात होती. डाव्या. आता तुमच्या खाली आहे."

साहेबांनी चेपलेली टोपी ओढून काढली आणि ठोकून सरळ केली. "बघ, तू नसतीस तर मी बोडका मेलो असतो."

केसूकनं मुळ्याची फोड तोंडात टाकली, चावली, गिळली. मग म्हणाली, "साहेब, एक विचारायचं होतं. मिठाच्या पोत्यावर आपण बसलो होतो ना, त्या दिवशी तुम्ही नक्की काय म्हणालात?"

साहेबांच्या हातातली शेवई परत वाडग्यात पडली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शहात्तर वर्षांच्या माणसाच्या कानाच्या पाळ्या एवढ्या लाल होऊ शकतात, याची नोंद केसूकनं मनातल्या मनात केली.

"ते सोड ना."

"सोडलं असतं. पण शनिवारी पडद्यावर दाखवणार आहेत."

"इतकी वर्षं नाही बोललो. आता या वयात काय बोलायचं? तुझ्या तोंडावर सांगायची लाज वाटते मला." मग खाली मान घालून, अगदी हळू, "तुला वाईट वाटलं असतं गं. आणि तुझाही काही दोष नव्हता त्यात. जागाच तेवढी होती."

केसूकनं मुळ्याची आणखी एक फोड उचलली आणि ती हातातच राहिली.

घरी जाऊन तिनं हे सगळं जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. तिला तसंच सांगता येत असे. नवऱ्यानं कवळी दिव्यासमोर धरली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "शनिवारी तो निळा स्वेटर घाल. आणि मलाही एक तिकीट माग. पुढच्या रांगेतलं."

*

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. हीटर नेमका त्याच दिवशी बंद पडला, त्यामुळे सगळे कोट घालूनच बसले. साहेबांच्या अंगात तोच कोट होता, सैनिकी बाजारातला. बक्षीस मिळाल्यापासून तो शुभ मानला जात असे. त्याची एक शिवण डाव्या बाजूला उसवलेली होती. समीक्षक तीही जपून पाहत. व्यासपीठावर एक खुर्ची आणि एक छोटा सोफा. खुर्चीवर प्राध्यापक ब्योन बसला, सोफ्यावर साहेब, आणि उरलेल्या जागेत केसूक. नवरा पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

शॉट दाखवला. चार मिनिटं सतरा सेकंद कुणी खोकलंही नाही. मग पडद्यावर वहीचं पान आलं आणि ते अक्षर भिंतीएवढं झालं. त्यातली एक काडी ओंडक्यासारखी वर गेलेली, दुसरी ओंडक्यासारखी खाली.

ब्योन हसत म्हणाला, "पाहा, नोंदवहीसुद्धा थंडीनं थरथरली होती! केसूकताई, आता तुमच्याच तोंडून ऐकू द्या सगळ्यांना. साहेब काय म्हणाले होते?"

केसूकनं माइक हातात घेतला. एका बाजूला साहेबांचा खांदा तिला टेकलेला होता, समोर नवरा बसला होता, आणि बाजूच्या पडद्याआड दा-इन कोरी पाटी घेऊन उभी होती.

"आधी खालची काडी काढली," ती म्हणाली. "तीच खरी. वरची मी रात्रीच्या जेवणाला काढली, या ब्योनचं ऐकून. अकरा चित्रपटांत तेवढी एकच नोंद खोटी आहे. त्याबद्दल माफी मागते."

सभागृहात कुजबूज सुरू झाली. खालची काडी? म्हणजे केसूक? केसूक म्हणजे काय? केसूक म्हणजे ही! ब्योनचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तीस वर्षांचं व्याख्यान त्या उघड्या तोंडातून बाहेर पडून निघून चाललेलं सगळ्यांना दिसत होतं.

"ताई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी स्वतः ऐकलंय हो."

"तू पलीकडे उभा होतास. कानावर लोकरी टोपी होती तुझ्या, तपकिरी. लिहिलंय त्याच पानावर, खाली बघ."

लोक हसले. मग सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. साहेबांच्या कानाच्या पाळ्या शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसत होत्या.

"बरोबर लिहिलंय तिनं," साहेब म्हणाले. "मी केसूक म्हणालो होतो. एकतीस वर्षं हा ब्योन मला थोर करत राहिला, आणि मीही त्याला करू दिलं. नाव घेतलं, आणि हिनं वळून पाहिलं. पुढचं बोलणार, तेवढ्यात आजोबांनी दुसरा कोबी उचलला. मिठाचा हात असा पानांवरून फिरवला... मग मला बोलवेना. मनात म्हटलं, आता आभाळ कोसळलं तरी यांना थांबवायचं नाही. तेवढं मात्र माझं स्वतःचं होतं. पण सुरुवात..." त्यांनी केसूककडे पाहिलं. "त्या दिवसापासून तुझं नाव तोंडावर आलं की तो प्रकार आठवायचा आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून नोंद म्हणत राहिलो. तसं नाव मला रोज आठवायचं."

पुढच्या रांगेत नवऱ्यानं हाताची घडी सोडली. दा-इन पाटीनं डोळे पुसू लागली. केसूक ताठ बसून राहिली. निळ्या स्वेटरमध्ये तिला एकाएकी फार उकडायला लागलं होतं.

"मग साहेब," ब्योन अगदी लहान तोंड करून म्हणाला, "पुढे काय म्हणणार होतात?"

त्याच वेळी मागच्या पडद्यावर वहीचं पान जाऊन क्वाक आजोबांचा चेहरा आला, ओले डोळे आणि हातात कोबीचं पान. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली होती, पण मोठं माणूस ते मोठं माणूस. त्यांच्यासमोर बसून कसं बोलणार? साहेबांनी सोफ्याच्या हातावर तळवे टेकले, उठायला गेले, अर्ध्यात आले आणि कुणीतरी मागून ओढल्यासारखे धपकन परत खाली बसले. डाव्या बाजूची शिवण टर्रकन आणखी दोन बोटं उसवली.

सगळं सभागृह श्वास रोखून बघत होतं. साहेब हळूच केसूकच्या कानाशी झुकले. माइक चालूच होता.

"केसूक, जरा ऊठ ना. माझ्या कोटावर बसलीयेस."